एक टेबल, दोन खुर्च्या : वाईन चाखायला शिकवणाऱ्या वर्गाचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींच्या भुवया उंचावल्या असतील, याची आम्हाला कल्पना आहे. इतिहासाच्या व्याख्यानात किल्ले असतात, तह असतात, सनावळ्या असतात. वाईन चाखण्याचा वर्ग, आणि तोही 'डेट' म्हणून एकत्र जाणाऱ्या जोडप्याचा, हा इतिहासाचा विषय कसा? आमचं म्हणणं असं की माणसं कोणाबरोबर, कोणत्या खोलीत, कोणाच्या परवानगीने बसून काय पितात, याच्याइतका बोलका पुरावा समाजाबद्दल दुसरा क्वचितच मिळतो.

आधी हा वर्ग कसा असतो ते पाहू. शनिवारची संध्याकाळ, एक लांब टेबल, आठ-दहा जोडपी. प्रत्येकासमोर चार-पाच पेले, पाण्याचा ग्लास, थोडा पाव किंवा क्रॅकर्स, आणि एक भांडं. ते भांडं थुंकण्यासाठी असतं. आपल्याकडे त्याला पिकदाणी म्हणतात, तेव्हा लाजायचं कारण नाही. शिकवणारी व्यक्ती सांगते : आधी रंग बघा, मग पेला गोल फिरवा, मग नाक आत घाला, मग एक घोट घेऊन तोंडभर खेळवा. हलक्या वाईनकडून जड वाईनकडे, पांढरीकडून लालकडे, कोरडीकडून गोडीकडे असा क्रम असतो. तासा-दीड तासाने लोक आले त्यापेक्षा जास्त बोलत बाहेर पडतात.

यात विशेष काय, असं वाटेल. विशेष आहे ती दुसरी खुर्ची. पुरुषाच्या शेजारी, त्याच्याच टेबलाशी, तोच पेला हातात घेऊन, तेवढ्याच अज्ञानाने बसलेली बाई. ही खुर्ची तिथे यायला फार वर्षं लागली. आज आपण तिचा इतिहास पाहणार आहोत.

सुरुवात घराजवळून करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं प्रवासी टिपण लिहिलं. त्यात बरिगाझा, म्हणजे आपलं भडोच, इथे उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्या यादीत वाईन आहे, आणि लेखकाने प्रतही सांगितली आहे : इटलीची वाईन पहिल्या पसंतीची, त्याशिवाय लाओदिकेयाची आणि अरबस्तानची. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला चवीत फरक कळत होता, आणि त्याला काय आवडतं हे व्यापाऱ्याला कळत होतं. भूमध्य समुद्राकडच्या ज्या उभट कुंभांतून असा माल येई, त्यांचे तुकडे नेवाशाला आणि जुन्नरला उत्खननात सापडले आहेत. जुन्नरचं नाव ध्यानात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं एक प्रकरण आहे. द्राक्षाच्या रसाच्या मद्याला तिथे 'मधु' म्हटलं आहे, आणि कापिशायन व हारहूरक अशी प्रदेशावरून आलेली त्याची नावं दिली आहेत. प्रदेशाचं नाव बाटलीवर लावण्याची कल्पना फ्रेंचांनी शोधली असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

मग कामसूत्र. त्यात नागरकाच्या दिनक्रमात एकमेकांच्या घरी भरणाऱ्या पानगोष्ठी आहेत. पण तिथे पेला भरून देणारी आणि मागाहून पिणारी बाई गणिका आहे. पत्नी त्या टेबलाशी नाही. त्याच ग्रंथात दुसरीकडे मात्र एक वेगळं दृश्य आहे. रात्री गच्चीवर चांदण्यात दोघं बसली आहेत, समोर सरबतं, आंबा, महाळुंग असे पदार्थ आहेत. तो एकेक पदार्थ चाखून, हा गोड आहे, हा मऊ आहे, असं सांगत तिला देतो, आणि मग आकाशातले तारे दाखवतो. आता बघा, एकत्र चाखणं आणि चवीला शब्द देणं, हा प्रेमाचा भाग असल्याचं वात्स्यायनाला माहीत होतं. फक्त चाखायचा तो आणि ऐकायची ती, एवढी त्याची मर्यादा.

पश्चिमेकडे काय होतं? ग्रीकांच्या 'सिम्पोझियम'मध्ये, म्हणजे पुरुषांच्या पानसभेत, घरच्या बायकांना जागा नव्हती. वादक होत्या, गणिका होत्या, पत्नी नव्हत्या. रोमची गोष्ट तर याहून तिखट. जुन्या काळी रोममध्ये स्त्रियांना वाईन निषिद्ध होती, असं प्लिनीने लिहून ठेवलं आहे. केटोचा हवाला देऊन तो सांगतो की नातेवाईक पुरुष घरातल्या बायकांचं चुंबन घेत, ते त्यांच्या तोंडाला वास येतो का हे तपासायला. मंडळी, वाईन, चुंबन आणि नाक हे तिन्ही त्या प्रसंगात आहेत, पण तो पोलिसी तपास आहे. आजच्या वर्गात तीच नाकं बरोबरीने एका पेल्यावर वाकतात. या दोन टोकांमधलं अंतर कसं कापलं गेलं, हा आपला प्रश्न.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ, कारण चाखण्याचं शिक्षण ही अलीकडची गोष्ट आहे. त्याआधीही चाखणारे होतेच. पण ते व्यापारी होते, तळघरातले कारागीर होते, लिलाववाले होते. चाखणं हा त्यांचा धंदा होता, आणि धंद्यातलं ज्ञान बापाकडून मुलाकडे, मालकाकडून उमेदवाराकडे जाई. लंडनमध्ये 'मास्टर ऑफ वाईन' ही परीक्षा १९५३ साली पहिल्यांदा झाली. ती पास होणारी पहिली स्त्री, सारा मॉर्फ्यू, आली १९७०मध्ये. मधली सतरा वर्षं त्या यादीत फक्त पुरुष होते. १९६८ साली क्रिस्टीज लिलावगृहाच्या मायकेल ब्रॉडबेंट यांचं वाईन चाखण्यावरचं पुस्तक आलं. १९६९मध्ये मद्यव्यापारातल्या लोकांना शिकवण्यासाठी 'वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट' स्थापन झाला. म्हणजे अभ्यासक्रम तयार झाला, पण धंद्यातल्यांसाठी.

सामान्य माणसासाठी दार उघडलं ते पॅरिसमध्ये, आणि उघडलं एका इंग्रजाने. स्टीव्हन स्परियर नावाचा तरुण तिथे वाईनचं दुकान चालवत होता. गिऱ्हाइकांपैकी बरेच जण इंग्रजी बोलणारे. त्यांना वाईन घ्यायची असे, पण विचारायची लाज वाटे. त्याने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दुकानाशेजारीच 'अकादेमी द्यु वँ' नावाची शाळा काढली. ही शाळा हौशी माणसांसाठी होती. काही येत नसलं तरी चाले.

त्याच शाळेत काम करणाऱ्या पॅट्रिशिया गॅलाघर या अमेरिकन बाईंनी एक कल्पना मांडली : अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होताहेत, तर कॅलिफोर्नियाच्या वाईन पॅरिसला चाखवू. २४ मे १९७६ रोजी ती चाखणी झाली. नऊ फ्रेंच परीक्षक, नामांकित. बाटल्यांची नावं झाकलेली. निकाल लागला तेव्हा पांढऱ्यांत 'शातो माँटेलेना' आणि लालमध्ये 'स्टॅग्ज लीप', दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, पहिल्या आल्या होत्या. परीक्षकांपैकी एका बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली, असं सांगतात. हजर असलेला बातमीदार एकच होता, 'टाइम'चा जॉर्ज टेबर. त्याच्यामुळे ही गोष्ट जगभर गेली.

या प्रसंगाकडे बहुधा फ्रान्स विरुद्ध अमेरिका असा सामना म्हणून बघतात. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बाटलीचं नाव झाकलं की तज्ज्ञ आणि नवशिका यांच्यातलं अंतर बरंच कमी होतं, हे त्या दिवशी चारचौघांत दिसलं. पुढे २००१ साली बोर्दोमध्ये झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन दिली, पण त्यात चव-वास नसलेला लाल रंग मिसळून. त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनसाठी वापरतात त्या शब्दांत केलं. डोळ्याने नाकाला फसवलं. हे विद्यार्थी निर्बुद्ध होते असं नाही. आपलं सगळ्यांचंच नाक डोळ्याचं आणि शब्दाचं ऐकतं. नवशिक्या जोडप्याला यातून मोठा दिलासा मिळावा : चुकणं हे या विद्येत सगळ्यांच्या वाट्याला आहे.

पण चाखलेलं सांगायचं कसं? 'छान आहे', 'बरी आहे' याच्यापुढे गाडी जात नाही. हा प्रश्न कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात अॅन नोबल यांनी हाती घेतला. १९७४मध्ये त्या तिथल्या द्राक्ष आणि वाईन विभागात नेमल्या गेलेल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. १९८४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वाईनमधल्या वासांची एक सामायिक शब्दावली मांडली. त्यातूनच पुढे सर्वत्र पोचलेलं 'वासांचं चक्र' आलं. आत मोठे गट : फळ, फूल, मसाला, माती. बाहेर सरकलं की नेमके शब्द : लिंबू, सफरचंद, मिरी, लवंग. 'खानदानी', 'भारदस्त' अशा शब्दांना त्या चक्रात जागा नाही. का? कारण ते शब्द वाईनबद्दल काहीच सांगत नाहीत, बोलणाऱ्याबद्दल सांगतात. जुन्या क्लबांमधल्या पुरुषी भाषेच्या जागी त्यांनी स्वयंपाकघरातली भाषा आणली. आणि स्वयंपाकघरातली भाषा कोणाला जास्त येत होती, हे आम्ही सांगायला नको.

इथे मराठी माणसाने संकोच करू नये. इंग्रजी पुस्तकात 'गूजबेरी' लिहिलेलं असतं, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती कधी खाल्लेली नसते. सोव्हिन्याँ ब्लाँचा पेला हुंगला आणि पिकलेला पेरू आठवला, तर पेरूच म्हणा. ते काव्य नाही, रसायन आहे. पेरूच्या वासाला कारण असलेली गंधकयुक्त द्रव्यं त्या वाईनमध्ये खरोखर असतात. त्याच वाईनमध्ये कधी ढोबळी मिरचीचा वास येतो, तेही खरं, कारण ते द्रव्यही दोन्हींत एकच आहे. लाल वाईनने जीभ ओढल्यासारखी होते, त्याला इंग्रजीत 'टॅनिन' समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. आपल्याकडे एक शब्द पुरे : तुरट. जांभूळ खाल्लेल्या, कच्चं केळं चाटलेल्या, कोरा कडक चहा प्यायलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. षड्रसांत 'कषाय' मोजणारी परंपरा आपली आहे.

आता एक गंमत सांगतो, आणि जोडप्यांनी ही नीट ऐकावी. शिराझ या लाल वाईनला काळ्या मिरीचा वास येतो. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याचं कारण शोधलं : 'रोटंडोन' नावाचं द्रव्य, जे मिरीतही असतं. पण त्याच संशोधनात असंही दिसलं की सुमारे २० टक्के लोकांना हा वास येतच नाही, द्रव्याचं प्रमाण पुष्कळ वाढवलं तरीही. म्हणजे समजा, त्याला मिरी येते आणि तिला येत नाही. दोघांपैकी कोण बरोबर? दोघंही. दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल वेगळं बोलताहेत, आणि कोणी हरलेलं नाही. संसारात असे प्रसंग किती येतात, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. संध्याकाळ एकत्र घालवायला हा वर्ग चांगला का, याचं आमच्या मते खरं उत्तर इथे आहे. सिनेमात दोघं एकाच पडद्याकडे बघून गप्प बसतात. इथे समोरच्याला काय जाणवतंय हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

'डेट' या शब्दाबद्दलही दोन वाक्यं. या अर्थाने तो शब्द छापील मजकुरात १८९६च्या सुमारास शिकागोच्या एका वृत्तपत्रात, जॉर्ज एड यांच्या लेखनात दिसतो. त्याआधी तिकडेही मध्यमवर्गीय मुलगा मुलीच्या घरी, आईबापांच्या देखत भेटायला जात असे. शहरं वाढली, मुली कामाला बाहेर पडल्या, आणि भेट दिवाणखान्यातून रस्त्यावर, उपाहारगृहात आली. आपल्याकडे कांदेपोहे दिवाणखान्यातच राहिले, बराच काळ. त्यामुळे लग्न ठरलेल्या किंवा झालेल्या जोडप्यांनाही, दोघांनी मिळून काही करायला आणि त्याबद्दल बोलायला, घराबाहेर जागा कमी होत्या.

आता महाराष्ट्राकडे येऊ. इथे प्रश्न नुसत्या चवीचा नाही.

दारूविषयी आपल्या समाजाचा राग जुना आहे, आणि त्याला कारणं आहेत. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध केला. १९०८मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झालं. सरकारला अबकारीतून पैसा मिळे आणि गरिबाचं घर बसे, हे दोघांनीही पाहिलं होतं. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने गडकऱ्यांचा 'एकच प्याला' रंगभूमीवर आणला. सुधाकर, सिंधू, तळीराम ही नावं माहीत नसलेलं मराठी घर त्या काळी विरळा. त्या नाटकातली बैठक कोणाची आहे बघा. आर्यमदिरामंडळात पुरुष बसतात, तिथे विनोद आहे, वादविवाद आहे. सिंधू घरी आहे, जात्याशी आहे. पेल्याची मजा एकाच्या वाट्याला, पेल्याची किंमत दुसरीच्या. आणि जिथे बाई बाटलीजवळ आलीच, तिथे भाषेने तिला काय केलं? 'बाई-बाटली' असा जोडशब्द केला. ती खुर्चीवर बसलेली माणूस राहिली नाही, टेबलावरच्या वस्तूंपैकी एक झाली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात १९४९चा दारूबंदी कायदा आला. मोरारजी देसाईंचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदाचा त्याला आधार. कायद्याने दारू संपली नाही, ती आत गेली. मुंबईत 'आंटी'च्या घरांत हातभट्टी मिळू लागली. ज्यांची ऐपत होती त्यांनी प्रकृतीच्या कारणाचा परवाना काढला. १९६०च्या दशकात नियम सैल झाले, पण परवाना राहिला, आणि त्यातून एक खास महाराष्ट्री शब्द जन्माला आला : परमिट रूम. आपल्या गावातली परमिट रूम आठवा. खाली मंद उजेड, काळ्या काचा, पुरुष. आणि जिन्याजवळ पाटी : 'फॅमिली रूम वर आहे'. बाई बरोबर असली की वर जायचं. तिथेही तिच्यासमोर बहुधा सरबत, त्याच्यासमोर पेला. आणखी एक बघा, 'चाखणं' या क्रियापदाचं परमिट रूममध्ये काय झालं? चकणा झाला. म्हणजे चाखायचे ते शेंगदाणे, दारू नुसती रिचवायची.

अशा वातावरणात वाईनचा प्रवेश झाला तो दोन पायऱ्यांनी. पहिली पायरी १९८०च्या दशकात, नारायणगावला. श्यामराव चौगुले यांच्या 'शॅम्पेन इंडेज' कंपनीने फ्रेंच तंत्रसाहाय्याने फसफसणारी वाईन तयार केली. ती परदेशात 'ओमर खय्याम' या नावाने गेली. नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातलं. ज्या परिसरात दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडचे कुंभ उतरले, तिथूनच वाईन युरोपला निघाली. इतिहास असा क्वचित पाहुणचार फेडतो.

दुसरी पायरी नाशिकची. राजीव सामंत यांनी १९९७मध्ये गंगापूर धरणाजवळ सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या जातींची लागवड केली, आणि २०००मध्ये 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आली. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाईनला अबकारी करात मोठी सूट मिळाली, विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क ठरले. सरकारच्या भाषेत वाईन हा शेतमालावरच्या प्रक्रियेचा उद्योग ठरला. आणि २००५ साली सुलाने आपल्या द्राक्षमळ्यातच टेस्टिंग रूम उघडली.

ही टेस्टिंग रूम म्हणजे आपल्या कथेतला वळणाचा दगड. तिच्या काचा काळ्या नव्हत्या. तिथून द्राक्षाचे वेल आणि धरणाचं पाणी दिसत होतं. फॅमिली रूम वेगळी नव्हती. आणि मुख्य म्हणजे, तिथे कोणीतरी शिकवत होतं. मराठी मध्यमवर्गाला शिकण्याची सबब मिळाली की तो कुठेही जातो, हे आपल्याला ठाऊकच आहे. 'प्यायला गेलो होतो' असं सासरी सांगणं कठीण. 'वर्गाला गेलो होतो, कारखाना पाहिला' हे सांगता येतं. याला कोणी ढोंग म्हणेल. आम्ही म्हणत नाही. इंग्रजी नाटकाला, पोहायच्या तलावाला, सायकलीला बायका गेल्या, त्याही पुष्कळदा शिकण्याच्याच दारातून. त्या दाराने आत आलेली बाई मग उठून जात नाही.

इथे थांबून टाळ्या घ्यायचा मोह होतो. पण इतिहास लिहिताना दुसरी बाजूही तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगितली पाहिजे.

याच महाराष्ट्रात, याच वर्षांत, बायकांनी दारूबद्दल एक वेगळी मतपत्रिका हातात घेतली. गावातलं दुकान चालू राहावं की बंद व्हावं, यावर मतदान. चालू ठेवायला उभी बाटली, बंद करायला आडवी बाटली. गावातल्या स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. नुसत्या मतदान करणाऱ्यांपैकी नव्हे बरं का, यादीतल्या सगळ्यांपैकी. म्हणजे जी घाबरून आली नाही, तीही विरोधात मोजली जाते. तरीही अनेक गावांत बाटली आडवी झाली. त्याआधी १९९३मध्ये लोकचळवळीतून गडचिरोलीत जिल्हाबंदी आली होती. या बायकांना वाईनच्या वासांचं चक्र माहीत नव्हतं. त्यांना दारूचा वास रात्री नवऱ्याच्या अंगाला येत होता, आणि त्या वासाचा अर्थ त्यांना पाठ होता.

म्हणून जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायची परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा जो गदारोळ झाला तो केवळ राजकीय नव्हता. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी रान उठवलं, आणि निर्णय अंमलात येण्याआधीच रखडला. समर्थक म्हणत, वाईन म्हणजे दारू नव्हे, ती शेतकऱ्याची आहे. यातलं पहिलं विधान खोटं आहे. दुसरं अर्धंच खरं. वाईनमध्ये १२-१४ टक्के अल्कोहोल असतं, आणि तुरट कितीही म्हटलं तरी यकृताला ते अल्कोहोलच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित मानता येत नाही. आणि शेतकऱ्याचं म्हणाल, तर नाशिकचं बहुतांश द्राक्ष खाण्याचं आहे. थॉम्पसनसारख्या बिनबियांच्या जातींची चांगली वाईन होत नाही. त्याला बारीक मण्यांच्या, जाड सालीच्या, बियांच्या जाती लागतात. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधे अवकाळीची धास्ती, हे दोघांनाही चुकत नाही. पण वाईनने अख्ख्या द्राक्ष-बागायतदाराला तारलं, असं म्हणायला आधार नाही.

मग या दोन बायका, एक आडव्या बाटलीवर शिक्का मारणारी आणि दुसरी टेस्टिंग रूममध्ये पेला फिरवणारी, परस्परविरोधी आहेत का? आम्हाला तसं वाटत नाही. दोघी एकच गोष्ट मागताहेत : पेल्याबद्दलच्या निर्णयात आपलं मत मोजलं जावं. एकीला ते मत घराबाहेर, मतपेटीत नोंदवावं लागलं, कारण घरात कोणी विचारलं नाही. दुसरीला टेबलाशी कोणीतरी विचारतं, तुम्हाला काय जाणवलं? सिंधूला हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो आणि थांबतो. 'दोघांपैकी एकाला प्यायचंच नसेल, तर अशा वर्गाला जावं का?' चांगला प्रश्न आहे. आधी हिशोब देतो. एका पेल्यात ४० मिलिलिटर धरले तर पाच पेल्यांचे २०० मिलिलिटर होतात. म्हणजे साधारण २० ग्रॅम अल्कोहोल. गिळलं तर त्यानंतर गाडी चालवायची नाही, नाशिकचा घाट असो की घराचा चौक. धंद्यातले लोक दिवसाला कितीतरी वाईन चाखतात आणि थुंकतात, कारण त्यांना शुद्धीवर राहून काम करायचं असतं. या विद्येतला निम्म्याहून जास्त भाग नाकाचा आहे. न पिणाऱ्याने पेला हुंगावा, पेरू ओळखावा, मिरी ओळखावी, आणि पेला तसाच खाली ठेवावा. कोणी आग्रह केला, तर ती जागा वर्गाची राहिली नाही, तिथून उठावं. आणि बरोबर आलेल्या माणसानेच आग्रह केला, तर तेही त्या संध्याकाळी शिकायला मिळालेलं मोठंच ज्ञान समजावं.

पिकदाणी टेबलावर असते ती यासाठीच. घोट घेण्याइतकाच तो नाकारण्याचा हक्क, दोन्ही खुर्च्यांना. दोन हजार वर्षांच्या पानगोष्ठींत ही सोय आम्हाला कुठे दिसली नाही.